मापाचा ब्लाऊज

सुलामावशीला बसायला पाट दिला तरी ती त्याच्या कडेवर बसायची, अर्धी उठलेली. पोळी तव्यावर असताना दाराची कडी बघून यायची आणि दाराशी पोचली की तिला स्टोव्हवरचं आठवायचं. "मावशी, जरा टेक ना," म्हटलं की म्हणायची, "मेल्यावर हायेच टेकायचं." असल्या बोलण्याचा मला संताप यायचा, आणि माझ्या संतापाची तिला मोठी गंमत वाटायची.

मी नांदगावची. आणीबाणीच्या वर्षी कॉलेजसाठी नाशिकरोडला मावशीकडे राहायला आले, पुढे नोकरीही इथेच लागली आणि मी त्या घरचीच होऊन गेले. मावशीला मूलबाळ नव्हतं. त्यामुळे दोन माणसांची सगळी माया आणि सगळी कटकट माझ्या एकटीच्या वाट्याला आली. घर आमच्या बौद्ध कॉलनीत, दोन खोल्यांचं. दारातून बाहेर पाहिलं की समोर विहाराचा ओटा दिसायचा.

कोंडाजीकाका, म्हणजे मावशीचे यजमान, मूळचे विंचूरकडचे. देवळाली कॅम्पात एका टेलरिंगच्या दुकानात कारागीर होते. तिथे लष्करातल्या साहेबांचे कपडे शिवायला यायचे. खांद्यापाशी एक चुणी दिसली तरी साहेब अंगातला कोट काढून काउंटरवर टाकायचे आणि एक शब्द न बोलता निघून जायचे. त्या धाकानं काकांच्या डोळ्यांना एक खोड लागली होती. समोरून माणूस आला की त्याचं तोंड त्यांना नंतर दिसायचं, कपड्यावरची चुणी आधी. एका लग्नात नवरदेवाच्या कोटाची पाठ बघून त्यांच्या घशाखाली घास उतरेना, हे मी स्वतः पाहिलंय. बाकी माणूस अगदी साधा आणि लाजरा. इतका, की बायकोला नावानं हाक मारायची सोय नव्हती. "ऐकलं का" असं भिंतीकडे बघून म्हणायचे, आणि मावशीनं ते ऐकून घ्यायचं.

दर पौर्णिमेला विहारात वंदना असे. बायका पांढरं लुगडं आणि पांढरा ब्लाऊज घालून जात. मावशीचा पांढरा पॉपलिनचा ब्लाऊज काकांनीच शिवलेला, आणि तो फक्त पौर्णिमेला पेटीतून निघायचा. आदल्या दिवशी काका तो दुकानात घेऊन जायचे, तिथल्या जड इस्त्रीखाली कडक करून आणायचे. मावशी तयार होऊन दाराबाहेर पडली की तिला पाठीमागून, मग बाजूनं, एकदा नीट न्याहाळायचे. तोंडानं काही नाही. पण त्या दिवशी त्यांचा चेहरा असा व्हायचा की सगळ्या कॉलनीचे कपडे त्यांनीच शिवलेत.

शहात्तरच्या हिवाळ्यात एकदा मावशीनं मला मोरीतून हाक मारली. "लते, हितं हात लाव."

मी लाजले. आमच्या घरात शरीराच्या त्या भागाला शब्दच नव्हता. 'इथं' म्हणायचं किंवा 'पदराखाली' म्हणायचं, पुढचं समोरच्यानं समजून घ्यायचं. मावशीनं माझा हात धरून डाव्या बाजूला दाबला. गाठ म्हणावी असं बोटांना काही लागलं नाही. कणीक घाईत मळली की गोळ्याची एक बाजू जरा घट्ट राहते, तसं काहीसं होतं, किंवा नव्हतंही. मी म्हटलं, "काही नाही गं."

"हाय," मावशी म्हणाली. "मागच्या दिवाळीला नव्हतं."

डॉक्टर कर्णिकबाईंचा दवाखाना नाशिकरोडलाच होता. बाई हुशार होत्या आणि मुख्य म्हणजे पेशंटचं बोलणं पुरतं होईपर्यंत थांबत होत्या. त्यांनी नीट तपासलं. गाठ त्यांनाही लागली नाही. तरी त्यांनी मुंबईला चिठ्ठी दिली, कारण छातीचा खास फोटो काढायचं मशीन तेव्हा नाशकात नव्हतं. आम्ही मुंबईला जाऊन आलो. त्या मशीनमध्ये सगळं चेपून फोटो काढतात हे मावशीनं परत येताना गाडीत मला सांगितलं, तेव्हा काका इतके वळून खिडकीबाहेर बघत बसले की त्यांची मान दुखली असणार.

फोटोत काहीच नव्हतं.

काकांनी घरी आल्या आल्या पेढे वाटले. मला बरं वाटलं. मावशी मात्र पेढा हातात धरून या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिली, आणि शेवटी तो तिनं शेजारच्या शकुबाईच्या नातवाला देऊन टाकला.

कर्णिकबाईंनी फोटो खिडकीशी धरून पाहिला आणि त्याही पुरत्या समाधानी दिसल्या नाहीत. "सुलाबाई, सरळ सांगते," त्या म्हणाल्या. "हा आजार बहुतेक वेळा गाठ करतो, आणि गाठ फोटोत दिसते. पण त्याची एक जात अशी आहे की ती गाठ करतच नाही. मांसात दोरे पसरावेत तशी पसरते आणि फोटोत बाकीच्या मांसात मिसळून जाते. तुम्हाला तसं आहे असं मी म्हणत नाही. पण नाहीच, असंही मला म्हणवत नाही."

"मग तुकडा काढून तपासा की."

"कुठला काढू? बोटांना जागा सापडत नाही, फोटोत जागा दिसत नाही. आंधळेपणानं कुठेतरी कापून 'काही नाही' असं लिहून दिलं तर तुम्ही निर्धास्त व्हाल, आणि ते जास्त वाईट. आपण लक्ष ठेवू. महिन्यातला एक दिवस ठरवा, पाळी झाल्यावरचा. त्या दिवशी स्वतः हात लावून बघायचं. गाठ लागली, मोठं झाल्यासारखं वाटलं, कपडा घट्ट होऊ लागला, की धावत या. आणि काही वाटलं नाही तरी तीन महिन्यांनी याच."

मावशीची पाळी तेव्हा जायला लागली होती, त्यामुळे तारखेचा हिशेब तिला जमणारा नव्हता. "पुनवेला बघते," ती म्हणाली. "त्या दिवशी तो पांढरा ब्लाऊज घालतेच. महिनाभर दुसऱ्या कशाला लागत नाय तो. घट्ट झाला तर त्याच्यात लगेच कळंल."

बाईंना ते फार पसंत पडलं. मलाही. काका दवाखान्याच्या बाहेर चपलांशेजारी उभे होते. त्यांना मी रस्त्यात सगळं जमेल तसं, म्हणजे 'इथं' आणि 'पदराखाली' करत सांगितलं. त्यांनी मान हलवली. पण त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट बसली होती, की मुंबईच्या फोटोत काही निघालं नाही.

त्यानंतर आमच्या घराला जो घोर लागला तो सांगून पटणार नाही. ठणठणीत माणसाच्या घरात निदान झोप असते, आजारी माणसाच्या घरात निदान औषध असतं. आमच्याकडे दोन्ही नव्हतं. मावशी कोथिंबीर आणायला निघायची आणि कॉलनीला वळसा घालून रिकाम्या हातानं परत यायची. बोलता बोलता तिचा हात पदराखाली जायचा, कुणी पाहिलं की पदर सारखा केल्याचं नाटक व्हायचं. घासलेली भांडी ती परत घासायची. मी अभ्यासाला बसले की माझ्यासमोर येऊन उभी राहायची. "काय गं?" विचारलं की "काय नाय." मग दोन घटकांनी परत. एकदा मी पुस्तक आपटलं आणि म्हटलं, "मावशी, तुला व्हायला पाहिजे आहे का ते?" तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी पुस्तक उचलून गच्चीवर गेले.

शकुबाईनं पंचवटीतल्या कुणा लेपवाल्याचं नाव आणलं. मावशीनं तिला विचारलं, "लेप लावायचा कुठं? जागा दाव."

पौर्णिमा आली की सकाळपासून घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. मावशी आंघोळ करून, आतल्या खोलीचं दार लावून, तो ब्लाऊज अंगात घालायची. हुकं लावल्याचा बारीक आवाज यायचा. काका बाहेर पेपर धरून बसलेले, एकच पान उघडं. दार उघडून मावशी म्हणायची, "घट्ट नाय." आणि काका पेपरची घडी घालायचे. ब्लाऊज खरोखर चापूनचोपून बसायचा, कुठे ओढ नाही, कुठे घोळ नाही. वर्ष गेलं. कर्णिकबाई दर खेपेला तपासायच्या आणि म्हणायच्या, "आहे तसंच वाटतंय."

सगळे म्हणत होते की काही नाही, आणि मावशी म्हणत होती की काहीतरी चाललंय. हे बाहेर कुणाला सांगायची सोय नव्हती. शेजारीपाजारी हळूहळू सुचवायला लागले की पाळी जाताना बायकांच्या डोक्यावर परिणाम होतो. मावशीच्या कानावर ते आलंच. एक दिवस काकांचाही धीर सुटला. मी त्यांना आवाज चढवताना पहिल्यांदा ऐकलं. "डॉक्टरीण म्हणते नाय. फोटो म्हणतो नाय. ब्लाऊज सुद्धा म्हणतो नाय. मग तुझंच का येगळं?"

"कारण माझ्या आंगात हाय ते," मावशी म्हणाली. "तुमच्या फोटोच्या आंगात नाय."

ती घराबाहेर पडली आणि विहाराच्या ओट्यावर जाऊन बसली, तिथेही कडेवरच.

सत्त्याहत्तर गेलं, अठ्ठ्याहत्तरचा पावसाळाही सरला. ऑक्टोबरात धम्मचक्र प्रवर्तन दिन यायचा होता. जुना ब्लाऊज धुऊन धुऊन विरला होता, म्हणून दोघांनी ठरवलं आणि काकांनी नवा शिवायला घेतला. त्या दिवशी मी कामानिमित्त कॅम्पात गेले होते. परतताना काकांच्या सोबत बसनं यावं म्हणून दुपारी दुकानातच टेकले.

शिंप्याकडे ब्लाऊज शिवायला टाकताना आपण मापाचा जुना ब्लाऊज देतो. शिंपी त्याची एकच बाजू मोजतो. कापड दुहेरी घालून कापायचं असतं, एक बाजू मोजली की दुसरी आपोआप तेवढीच होते. काकांनी नवं पॉपलिन दुहेरी घातलं, मावशीचा पांढरा ब्लाऊज पाठीच्या मधोमध घडी करून त्यावर ठेवला, आणि खडू उचलला. मग थांबले. घडी मोडली आणि परत घातली. वरचा अर्धा भाग खालच्या भागाच्या बाहेर आला होता, चांगला बोटभर.

मला वाटलं घडी तिरकी बसलीये. मी म्हटलंसुद्धा. काकांनी ब्लाऊज उलटा केला, डावी बाजू दिव्याखाली नेली आणि बगलेखालची शिवण नखानं चाचपली. टेलर लोक शिवणीच्या आत थोडं जादा कापड ठेवतात, पुढे अंग भरलं तर सोडता यावं म्हणून. उजवीकडे ते होतं तेवढंच होतं. डावीकडे ते जवळपास दुप्पट आत गेलेलं दिसत होतं, आणि त्यावर टिपांच्या तीन ओळी होत्या. एक मूळची, दोन नंतरच्या.

काका स्टुलावर बसले. "लते," ते म्हणाले, "हे मीच केलं."

"काय केलं?" मी विचारलं.

"गेल्या वैशाखात ती विहारात चालली व्हती. डाव्या अंगाला चुणी दिसली. मला वाटलं कापड सैल पडलं, धुऊन धुऊन. इस्त्रीला आणला तवा दोन सूत आत घेतला. मग पावसाळ्यात परत तेच दिसलं. परत घेतला." त्यांनी हातातला खडू खाली ठेवला. "तिला काय सांगायचं त्यात? बटन लावल्यावर कुणी सांगतं व्हय?"

मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आम्ही सगळे दर पौर्णिमेला ब्लाऊज घट्ट होतो का ते बघत होतो. तो सैल होत होता. एका बाजूनं सैल होत होता, आणि जगातला सगळ्यात मायाळू शिंपी गुपचूप तो परत मापात आणून ठेवत होता. मावशीला वाटायचं ती दर महिन्याला स्वतःचं अंग तपासतेय, आणि तपासत होती त्याची शिलाई.

बसमध्ये काका ब्लाऊज कागदात गुंडाळून मांडीवर धरून बसले होते. तिकीट काढायचंही त्यांना सुचलं नाही, मी काढलं. मला त्यांचा राग आला होता, भयंकर. आणि त्यांच्याकडे बघितलं की तो राग ठेवायला जागा सापडत नव्हती.

मावशी डाळ निवडत होती. काकांनी कागद सोडला, ब्लाऊजची मधोमध घडी घातली आणि ती सुपाशेजारी ठेवली. मावशीनं पंचवीस वर्षं शिंप्याचा संसार केला होता, तिला समजावून सांगायची गरज नव्हती. तिनं दोन्ही कडा बोटानं जुळवून पाहिल्या. मग ब्लाऊज उलटा केला. आतल्या टिपांवरून बोट फिरवलं.

"कितींदा?"

"दोनदा," काका म्हणाले.

मावशीनं सूप बाजूला सारलं. मला वाटलं आता ती ओरडेल, निदान रडेल. ती पाटावर मागे सरकून पुरती, ऐसपैस बसली. तिला तशी बसलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

"म्हंजे मी येडी नव्हते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कर्णिकबाईंकडे. या वेळी काका बाहेर चपलांजवळ थांबले नाहीत, आत आले, आणि ब्लाऊज टेबलावर ठेवून सगळं आपल्या तोंडानं सांगितलं, जमिनीकडे बघत का होईना. बाईंनी काकांना आणि मला पडद्याबाहेर पाठवलं. मावशीला हात वर करायला सांगितल्याचं ऐकू आलं, मग पुढे वाकायला.

बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "हात वर केला की एका जागी कातडी आत ओढली जातेय. आता तुकडा कुठून घ्यायचा ते कळतंय." त्यांनी चष्मा काढून पुसला. "ही जात कधी कधी वाढवत नाही, आकसून घेते. मला ते ठाऊक होतं. तरी घट्ट झालं तर या, एवढंच मी तुम्हाला सांगितलं. सैल झालं तरी या, हे सांगायचं राहिलं." बाईंनी ते आडपडदा न ठेवता सांगितलं, याचं मला आजही कौतुक वाटतं. त्या दिवशी मात्र मी त्यांच्यावरही चिडले होते.

तुकड्यात ते निघालं. मुंबईला ऑपरेशन झालं, डावी बाजू पूर्ण काढली. मग किरणांचे शेक झाले. मावशीचा रंग उतरला, आवाज खोल गेला, पण बगलेतल्या गाठींपर्यंत ते नुकतंच पोचलं होतं आणि डॉक्टरांना आशा वाटत होती. कर्णिकबाईंनी मात्र परत आल्यावर स्पष्ट सांगून ठेवलं, की ही जात दुसऱ्या बाजूलाही येऊ शकते आणि तिथेही फोटोच्या भरवशावर राहता येणार नाही. म्हणजे घोर संपला नव्हता, फक्त डावीकडून उजवीकडे आला होता.

काका मोडून गेले होते. साहेबांचे कोट त्यांच्या हातून बिघडायला लागले. मावशीचं काही शिवायचं नाव काढलं की उठून जायचे. शेवटी मावशीच म्हणाली, "शिंप्याच्या बायकोनं आता दुसऱ्या शिंप्याकडं जायचं व्हय? लोक काय म्हणतील? शिवा. पण एकदा शिवून दिला की त्याला परत सुई लावायची नाय. पडली चुणी तर पडू द्या. तुम्ही नुस्तं बघायचं, अन् दिसलं ते तोंडानं बोलायचं."

"बोलीन," काका म्हणाले.

"माझ्याशी. भिताडाशी नाय."

त्यांनी नवा पांढरा ब्लाऊज शिवला. डावीकडे आतून मऊ कापडाच्या घड्या भरल्या. आणि त्यानंतर दर पौर्णिमेला आमच्या दारात एक तमाशा सुरू झाला. मावशी उजेडात उभी राहायची, हात वर, हात खाली, पुढे वाक, आणि काका एखाद्या कर्नलच्या कोटाची ट्रायल बघावी तसे तिच्याभोवती फिरायचे. दिवसाउजेडी बायकोकडे मान वर करून न बघणारा माणूस. मी लाजून मागच्या दारानं सटकायचे.

बघायचं खरं, पण शिवायचं नाही, हे त्यांना किती जड गेलं ते मलाच माहीत. शेकानं मावशी सुकली आणि ब्लाऊज सगळीकडूनच सैल झाला, तेव्हा काका घाबरून एकटेच कर्णिकबाईंकडे पळाले. बाईंनी समजावलं की माणूस बारीक झाला की सगळ्याच बाजूंनी होतो, घोळ पडला तर ठीक, एकाच जागी ओढ पडली तर बघा. तरी ते आणखी दोनदा जाऊन आलेच. विहारात शकुबाईनं सगळ्यांसमोर चिमटा काढला, "टेलरची बायको अन् पोतं घातल्यावानी ब्लाऊज!" मावशी हसली. काकांची बोटं खिशात चाळवत होती, तिथे त्यांची सुई असायची. त्यांनी ती बाहेर काढली नाही.

अशी वर्षं गेली. मावशी भरून आली, कामाला लागली, परत पाटाच्या कडेवर बसू लागली. माझं लग्न झालं, मी कॉलनीतच दोन गल्ल्या पलीकडे गेले. त्यांचं दारातलं बघणं चालूच होतं आणि त्याच्या जोडीला मनातली धाकधूकही. प्रत्येक पौर्णिमा येईपर्यंत घर ओढलेलं असायचं, 'काय नाय' म्हटलं की सैल व्हायचं, आणि दुसऱ्या दिवसापासून परत ओढायला लागायचं. मला कधी कधी वाटायचं, यापेक्षा एकदाचं काय ते होऊन जावं. मग असं वाटल्याबद्दल स्वतःचाच राग यायचा.

चौऱ्याऐंशीची वैशाख पौर्णिमा. बुद्धजयंती म्हणून विहार भरला होता. सकाळी दारातलं बघणं झालं होतं, काही नव्हतं. वंदना संपत आली होती. बायका एकेक करून पुढे जाऊन मेणबत्त्या लावत होत्या. मावशीचा नंबर आला. मूर्तीपुढची फळी उंच होती, तिथपर्यंत पोचायला ती टाचा उंचावून उजवा हात लांबवून पुढे झुकली. घरात दारात ती एवढी कधी ताणत नसे.

उजवीकडच्या पुरुषांच्या रांगेतून काका उभे राहिले.

"सुला!" ते म्हणाले.

ते नाव त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. मावशीनंही ऐकलं नसावं, कारण ती वळायलाच तयार नव्हती. सगळा विहार मात्र वळला.

"सुला, उजव्या छातीला ओढ पडली. खालच्या अंगाला. मला दिसली."

बायकांनी पदर तोंडाशी नेले. एक म्हातारा मोठ्यानं खाकरला. मावशीचं तोंड लाजेनं, का भीतीनं, पांढरं पडलं. "अहो, घरी बोलू," ती कशीबशी म्हणाली.

"घरी नाय," काका म्हणाले. "आत्ता."

आणि ते रांग ओलांडून बायकांमध्ये गेले, तिच्या हातातली मेणबत्ती घेऊन तिच्या जागी लावली, आणि तिला हाताला धरून बाहेर आणलं. मी मागोमाग पळाले. पांढऱ्या कपड्यांतच आम्ही तिघं रिक्षात बसून कर्णिकबाईंच्या घरी गेलो. दवाखाना बंद होता त्या दिवशी. बाईंनी मावशीला तशीच हात लांबवून झुकायला लावली, आणि मग पुढचं सगळं भराभर झालं. मुंबईच्या नव्या फोटोतही काही दिसलं नाही. पण या वेळी जागा माहीत होती. तिथूनच तुकडा घेतला, आणि त्यात ते होतं. या खेपेला बगलेपर्यंत पोचलं नव्हतं. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, इतकं लवकर कुणी आणत नाही.

उजवी बाजूही गेली. मावशी राहिली.

ती घरी येऊन थोडी हिंडूफिरू लागल्यावर एका दुपारी मी गेले, तर काकांनी जमिनीवर सतरंजी टाकून त्यावर नवं पॉपलिन दुहेरी घालून ठेवलं होतं. दुकानातली मोठी कात्री घरी आणली होती. आणि मापाचा ब्लाऊज हातात घेऊन ते नुसतेच बसले होते. त्याची मधोमध घडी घालायचं त्यांच्यानं होईना. दोन वेळा त्यांनी कडा जुळवायला घेतल्या आणि दोन्ही वेळा हात मागे घेतले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी ओघळून पॉपलिनवर पडत होतं आणि पांढऱ्या कापडावर डाग पडतील म्हणून ते एका हातानं तेही पुसत होते.

मावशी आतून आली. भिंतीचा आधार घेत खाली बसली, सतरंजीवर मध्यापर्यंत सरकून. तिनं त्यांच्या हातातून तो जुना ब्लाऊज काढून घेतला आणि बाजूला ठेवला.

"याचं आता काय काम?" ती म्हणाली. "दोन्ही बाजू सारख्या झाल्या. कापा सरळ."

तिनं दुहेरी कापडाचं एक टोक घट्ट धरून ठेवलं, आणि काका कापू लागले.